डोळे मिटून ऐकणारा वर्ग

विद्यापीठात त्यांना सगळे पुनश्च सर म्हणत. समोर नुसतं सर, पाठीमागे पुनश्च. हे नाव त्यांना ठाऊक होतं आणि त्याचा त्यांना राग नव्हता. माणसाला नाव पडायचंच तर ते कामावरून पडावं, तोंडावरून पडू नये, एवढीच त्यांची अपेक्षा होती आणि ती पुरी झाली होती.

काम असं, की ते प्रत्येक वाक्य दोनदा सांगत. एकदा ऐकण्यासाठी आणि एकदा लिहून घेण्यासाठी. नोकरीच्या पहिल्याच तासाला मागच्या बाकावरून कुणीतरी "सर, पुन्हा?" म्हणून ओरडलं होतं. तरुण वय, नवी नोकरी. त्यांनी ते मनाला लावून घेतलं आणि तेव्हापासून कुणी विचारायच्या आतच ते पुन्हा सांगू लागले. आवाज ना वर ना खाली. पूर्णविराम आला तरी थांबायचे नाहीत, फक्त झोपलेल्या कुत्र्याला वळसा घालून जावं तसे त्याच्या बाजूने पुढे जायचे.

ही सवय वर्गापुरती राहिली नाही. मुलगी बघायला गेले तेव्हा भावी सासऱ्यांना त्यांनी स्वतःची सगळी माहिती दोनदा सांगितली. सासऱ्यांनी मान डोलावली. ती पेंगताना डोलली होती हे पुढे कळलं, पण तोवर सगळ्यांची तोंडं गोड झाली होती. "मलाही तुम्ही दोनदाच विचारलंत," असं बायको अजून म्हणते. "पहिल्यांदा विचारलंत तेव्हा मी नाही म्हणणार होते. पण तोंड उघडायच्या आत तुम्ही परत विचारलंत. म्हटलं, माणूस चिकाटीचा दिसतोय."

त्यांचा विषय होता वजनमापांचा इतिहास. ऐच्छिक विषय. ऐच्छिक म्हणजे ज्याला दुसरं काहीच मिळालं नाही त्याने स्वेच्छेने घ्यायचा. तास दुपारच्या जेवणानंतरचा, खोली तळमजल्यावरची अगदी शेवटची. जाड पडदे कुणीतरी कधीतरी ओढून घेतले होते आणि दोरी अडकल्यामुळे ते तसेच राहिले होते. पंखा होता. तो वारा देत नसे, पण फिरत मात्र इमानाने असे.

त्या वर्षी सुरुवातीलाच विभागप्रमुख बाईंनी सरांना बोलावून घेतलं. बाई स्पष्टवक्त्या. चांगली बातमी असली तरी ती चेहऱ्यावर येणार नाही याची काळजी घेणाऱ्या.

"सर, तुमच्या वर्गात मुलं किती आहेत?"

"पुरेशी आहेत. पुरेशी आहेत."

"पुरेशी म्हणजे?"

"एका बाकाला पुरेशी."

बाईंनी चष्मा काढून पुसला. "हे बघा, वरून विचारणा झाली आहे. यंदा वर्ग भरलेला दिसला पाहिजे आणि वर्षाअखेरीस बाहेरचे परीक्षक येऊन तोंडी परीक्षा घेतील, त्यात मुलं उत्तीर्ण झाली पाहिजेत. दोन्ही झालं तर विषय राहील. नाहीतर बंद."

"आणि मी?"

"तुम्हाला परीक्षा विभागात घेतील. उत्तरपत्रिकांचे गठ्ठे बांधायला माणूस हवाच आहे. शांत काम आहे. कुणाशी बोलावं लागत नाही."

हे त्यांनी दिलासा म्हणून सांगितलं. सर मात्र जिन्यावरून उतरताना दर पायरीवर थांबत होते. कुणाशी बोलावं लागत नाही. कुणाशी बोलावं लागत नाही. आयुष्यभर सगळं दोनदा बोललेल्या माणसाला निवृत्तीपर्यंत एकदाही बोलायचं नाही, हा हिशेब त्यांच्या मनात काही केल्या बसेना.

आता त्या विद्यापीठातल्या मुलांची एक अडचण सांगायला हवी. त्यांना झोप येत नसे. वसतिगृहाच्या खोल्यांत एकाचा दिवा दुसऱ्याच्या डोळ्यांत, दुसऱ्याचा फोन तिसऱ्याच्या कानात, आणि तिसऱ्याचं प्रेमप्रकरण सगळ्यांच्या डोक्यावर. उद्या द्यायचं काम आज रात्री सुरू करायचं, त्यासाठी जागायचं, जागण्यासाठी चहा प्यायचा, आणि चहा उतरेपर्यंत उजाडलेलं असायचं. ज्याच्याकडे काम नसे तो इतरांचं काम कुठवर आलं या काळजीने जागा राही. सकाळी सगळे एकमेकांकडे चोर पकडल्यासारखे लाल डोळ्यांनी बघत.

अशांपैकी एक होता लांब्या. उंची एवढी, की वसतिगृहाच्या पलंगावर गुडघ्यांपासून पुढचा भाग त्याला खुर्चीवर ठेवावा लागे, आणि ती खुर्ची खोलीतल्या दुसऱ्या मुलाची असल्यामुळे तो भाग रोज कुणीतरी उचलून परत पलंगावर आणून ठेवी. लांब्या एके दुपारी शेजारच्या वर्गात जायचं म्हणून चुकून सरांच्या वर्गात शिरला. उठून जाणं बरं दिसेना म्हणून शेवटच्या बाकावर बसला.

"मापाच्या आधी मोजणारा आला," सर म्हणाले. "मापाच्या आधी मोजणारा आला."

दुसऱ्यांदा मोजणारा आला तेव्हा लांब्या तिथे नव्हता. तास संपल्याची घंटा झाल्यावर तो जागा झाला. कित्येक महिन्यांत प्रथमच त्याला आपल्या डोक्याच्या आत थोडी मोकळी जागा आहे असं वाटलं. त्याने संध्याकाळी वसतिगृहात हे सांगितलं. कुणाचा विश्वास बसला नाही. दुसऱ्या दिवशी तिघे पडताळा घ्यायला आले, आणि त्यांना उठवायला चौथा पाठवावा लागला.

पंधरवड्यात वर्ग भरला. मुलांनी रीतसर नावं नोंदवली, आधीचे विषय सोडले. काहींनी व्याख्यान फोनवर ध्वनिमुद्रित करून खोलीत ऐकून पाहिलं, पण जमेना. फोन हातात घेतला की बोट दुसरीकडेच जायचं आणि पहाट व्हायची. खरा गुण वर्गातच होता. जागेसाठी भांडणं होऊ लागली. भिंतीकडच्या जागा सगळ्यात आधी भरत.

सरांना हे कळलं नाही. म्हणजे वर्ग भरला एवढं कळलं. घरी गेले ते जवळजवळ पळतच.

"वर्ग भरला! वर्ग भरला!"

बायको स्वयंपाकघरात धान्य निवडत बसली होती. "बरं झालं की. मुलं काय विचारतात?"

"काही विचारत नाहीत. समजतं त्यांना सगळं."

"आणि बघतात कुठे? तुमच्याकडे?"

"डोळे मिटून ऐकतात."

बायकोचा हात ताटात थांबला. "सगळी?"

"एकाग्रता आहे गं. एकाग्रता आहे."

"माझे वडीलही असेच एकाग्र होते," ती म्हणाली आणि पुन्हा खडे वेचू लागली.

सर ते टोमणा म्हणून ऐकण्याच्या मनःस्थितीत नव्हते. पुढच्या आठवड्यात एक मुलगी उशी घेऊन आली, तेव्हा त्यांनी तिच्या पाठीच्या दुखण्याची आस्थेने चौकशी केली. पाठ अगदी उत्तम आहे, सर, असं तिने सांगितलं. एकाने चादर आणली, तेव्हा त्यांनी खिडकी नीट लावून घेतली. एकदा मागून घर्रर्र असा आवाज आला. त्यांना वाटलं कुणाला शंका आहे. "विचारा ना," ते म्हणाले. "विचारा ना." शंका तशीच चालू राहिली, उलट तिला आता शेजारून दुजोरा मिळू लागला.

मग एक दिवस घंटा झाली आणि कुणीच उठलं नाही. सरांनी फळा पुसला. नंतर बाकांमधून हळूहळू फिरले. उशीवाली, चादरवाला, बाकाबाहेर दोन पाय सोडलेला लांब्या. सगळ्यांचा श्वास एकाच लयीत चालला होता, आणि ती लय ओळखीची होती. प्रत्येक श्वास दोनदा सांगितल्यासारखा.

त्या दिवशी ते घरी चालत गेले नाहीत, कसेबसे पोचले. बायकोला काही सांगितलं नाही. तिने विचारलंही नाही, कारण ते गप्प आहेत याचंच तिला एवढं नवल वाटलं, की ती त्या शांततेचा आदर करत राहिली.

दुसऱ्या दिवसापासून सर बदलले. त्यांनी रंगीत खडू आणले. एक विनोद तयार केला. आवाज चढवायचा म्हणून वाक्यांवर आधीच खुणा केल्या. तीन दिवस ते टेबलावर हात आपटत, मधेच "आणि मग!" असं ओरडत, फळ्यावर लाल वर्तुळं काढत.

चौथ्या दिवशी मुलांचं शिष्टमंडळ आलं. पुढे लांब्या, मागे उशीवाली.

"सर, राग मानू नका," लांब्या म्हणाला. त्याच्या डोळ्यांखाली पुन्हा काळं दिसत होतं.

"काय झालं?"

"हल्ली तुम्ही मधेच विनोद करता."

"हसायला नाही आलं का?"

"आलं ना सर! तोच तर त्रास आहे. एकदा हसलं की परत लागायला किती वेळ लागतो, तुम्हाला कल्पना आहे?"

"आणि ते 'आणि मग'," उशीवाली म्हणाली. "मी काल अशी दचकले की शेजारणीच्या अंगावर पडले. 'आणि मग'ला कुणी एवढं ओरडतं का सर? पुढे तर काहीच झालं नाही. पुढे नुसता तराजू आला."

"मग मी करू काय?"

"आधी करत होता तेच करा सर. दोनदा," लांब्या अजिजीने म्हणाला. "आम्ही फक्त तुमच्या भरवशावर आहोत."

भरवसा हा शब्द सरांच्या वाट्याला फारसा आला नव्हता. ते तसेच विभागप्रमुख बाईंकडे गेले. वाटलं, त्या तरी रागावतील.

"छे, रागावू कशाला?" बाई म्हणाल्या. "आरोग्य केंद्राचे डॉक्टर स्वतः येऊन गेले. मुलांची डोकेदुखी कमी झाली आहे, चिडचिड कमी झाली आहे. ती माझ्या तासाला चक्क जागी असतात. मी गेल्या आठवड्यात काही वर्षांनी प्रथमच एका प्रश्नाचं उत्तर दिलं. सवयच गेली होती."

"म्हणजे माझा तास..."

"पायाभूत आहे."

"पण तोंडी परीक्षा? तोंडी परीक्षा?"

"ती तर आहेच. नियम म्हणजे नियम."

"झोपलेली मुलं परीक्षकांपुढे बोलणार काय?"

"ते तुम्ही बघा," बाई म्हणाल्या. "विषय तुमचा आहे."

इकडे आड, तिकडे विहीर. उठवलं तर वर्ग रिकामा होणार, झोपू दिलं तर परीक्षा बुडणार, आणि दोन्ही वाटा परीक्षा विभागातल्या त्याच दोरीने बांधलेल्या गठ्ठ्यांपाशी जाणार. सरांनी पुष्कळ विचार केला. विचार करायला त्यांना वेळही भरपूर होता, कारण एक गोष्ट अजून सांगायची राहिली आहे: खुद्द सरांना झोप येत नसे.

ही जुनी तक्रार होती. घरी ते दिवसभराचं सांगायला लागले की बायको पहिल्या दोन वाक्यांत भिंतीकडे तोंड करून गाढ झोपे, आणि उरलेली सगळी रात्र सरांच्या एकट्याच्या नावावर. डॉक्टर म्हणाले होते, निजताना काहीतरी कंटाळवाणं वाचत जा. सरांनी शोधशोध करून शेवटी स्वतःचीच टिपणं वाचायला घेतली, आणि ती त्यांना इतकी रोचक वाटली की त्या रात्री डोळ्याला डोळा लागला नाही. जो आवाज अख्ख्या वर्गाला चालत होता तो त्यांना स्वतःला लागू पडत नव्हता. आपल्याच हाताने आपल्याला गुदगुल्या होत नाहीत, तसं.

तर, पुष्कळ विचारानंतर त्यांना एक आशा सापडली. पहिल्या बाकावर, अगदी त्यांच्यासमोर, एक मुलगी जागी असे. ताठ बसलेली. पेन सतत चालू. मधूनमधून मागे वळून झोपलेल्यांकडे बघायची, आणि ते बघणं सरांना फार आवडायचं. त्यात त्यांना योग्य तो तिरस्कार दिसे. एक तर एक, ते मनाशी म्हणाले. एक जरी परीक्षकांपुढे नीट बोलली तरी विषयाची लाज राहील.

मग ते तिच्या एकटीसाठी शिकवू लागले, पण जुन्या आवाजात, म्हणजे बाकीच्यांचीही गैरसोय होऊ नये. हात, वीत, बोट ही मापं माणसाच्या शरीरातून कशी आली. व्यापारी स्वतः लांब हाताचा असला तर कापड घेताना आपल्या हाताने कसा मोजे आणि विकताना नोकराच्या हाताने. दाण्यावरून वजन कसं ठरलं, आणि ओला दाणा ठेवून लोकांनी लबाडी कशी केली. मुलगी लिहीतच असे. एकदा तिने मान हलवली, तर सरांना दिवसभर भूक लागली नाही.

वर्ष संपत आलं. एका तासानंतर सर तिच्या बाकापाशी गेले आणि म्हणाले, "बाळ, तू आहेस म्हणून मी शिकवतो आहे. तू आहेस म्हणून मी शिकवतो आहे."

मुलीने पेन खाली ठेवलं. "एक मिनिट हं सर," ती म्हणाली, आणि तिने उजव्या कानातून कापसाचा बोळा काढला. मग डाव्या कानातून. "हं, आता बोला. काय म्हणालात?"

सर बोळ्यांकडे बघत होते. चांगले मोठे होते.

"हे... हे काय आहे?"

"कापूस, सर. घातला नाही तर मीही झोपेन. मग काम कोण करणार?"

"काम?"

"मी मानसशास्त्र विभागाची. विद्यार्थ्यांच्या झोपेचा अभ्यास चाललाय आमचा. कोण कधी झोपतं, किती गाढ, मधे जागं होतं का. तुमच्या वर्गासारखी झोप आम्हाला अख्ख्या विद्यापीठात मिळाली नाही." तिचा चेहरा खुलला. "न झोपण्याची कारणं पण विचारली मी सगळ्यांना. आम्हाला वाटलं फोन म्हणतील, आवाज म्हणतील. म्हणालेही. पण सगळ्यात जास्त जणांनी काय सांगितलं, माहितेय? 'उद्या'. नुसतं 'उद्या'. आणि इथे झोप का येते विचारलं, तर म्हणतात, सरांच्या तासाला उद्या येतच नाही. आजचंच परत येतं."

"आणि माझं... शिकवलेलं?"

"ते मला नाही सांगता येणार सर," ती मनापासून दिलगीर होऊन म्हणाली. "कापूस चांगल्या प्रतीचा आहे."

एवढी एक होती, तीही गेली. आता आपलं कुणीही ऐकत नाही याची सरांना पक्की खात्री झाली, आणि खात्रीचं एक असतं, की ती माणसाला मोकळं करते. पगार घेतो तर अभ्यासक्रम पुरा करायलाच हवा, म्हणून ते शिकवत राहिले. पण मापांच्या अधेमधे ते आता मनातलंही बोलू लागले. त्याच आवाजात, त्याच लयीत, दोनदा. बायकोबद्दल. झोपेबद्दल. गठ्ठे बांधण्याच्या दोरीबद्दल. ऐकणारं कुणी नाही म्हटल्यावर भिंतीशी बोलायचं, तर निदान या भिंती श्वास तरी घेत होत्या.

तोंडी परीक्षेच्या दिवशी बाहेरचे परीक्षक सकाळीच आले. गृहस्थ जाडजूड, कडक. त्यांच्याबद्दल असं बोललं जाई, की त्यांनी एकदा आपल्या सख्ख्या भाच्याला नापास केलं आणि संध्याकाळी बहिणीकडे जेवायला गेले. वर्गातच टेबल मांडलं होतं. परीक्षक मधोमध, बाजूला सर. सरांना आदल्या रात्री नेहमीप्रमाणे झोप नव्हती. मनातून त्यांनी दोरीची पहिली गाठ मारूनही टाकली होती.

लांब्याचं नाव पहिलं पुकारलं, पण तो दाराबाहेर बाकावर झोपला होता. त्यामुळे उशीवाली आत आली. उशीशिवाय ती जरा अवघडलेली वाटत होती.

"वीत म्हणजे काय?" परीक्षकांनी विचारलं.

"वीत..." तिने छताकडे बघितलं, खिडकीकडे बघितलं. सरांनी मान खाली घातली. मग तिने, दुसरं काही सुचत नाही म्हणून, डोळे मिटले. आणि एकदम तिच्या तोंडातून एक संथ, सपाट आवाज येऊ लागला.

"अंगठ्याच्या टोकापासून करंगळीच्या टोकापर्यंत पसरलेल्या हाताचं अंतर म्हणजे वीत. अंगठ्याच्या टोकापासून करंगळीच्या टोकापर्यंत पसरलेल्या हाताचं अंतर म्हणजे वीत. वीत माणसागणिक बदलते. वीत माणसागणिक बदलते."

परीक्षक पुढे वाकले. सरांनी मान वर केली.

"म्हणून विती वितीत भांडणं होतात. म्हणून विती वितीत भांडणं होतात. माझ्या बायकोची वीत माझ्या वितीपेक्षा मोठी आहे. माझ्या बायकोची वीत..."

"थांबा," परीक्षक म्हणाले. "कुणाची बायको?"

उशीवालीने डोळे उघडले. "मला बायको नाही, सर."

"मग ही कोण?"

तिने क्षणभर विचार केला. "विषयात आहे, सर."

परीक्षकांनी सरांकडे बघितलं. सरांचे कान लाल झाले होते. पोटात घेशील तर बरं, असं त्यांनी जमिनीला मनातून विनवलं. दोनदा.

"बरं," परीक्षक सावकाश म्हणाले. "मोठी वीत. पुढे?"

तिने पुन्हा डोळे मिटले. लग्नानंतर पहिल्याच आठवड्यात त्या बाईंनी पलंग आपल्या वितीने मोजून अर्धा केला, आणि नवऱ्याच्या वितीने बघितलं तर त्याच्या वाट्याला अर्ध्याहून कमी आला, ही हकीकत तिने शांतपणे सांगितली. मापांचं प्रमाणीकरण का आवश्यक आहे याचं एवढं चोख उदाहरण परीक्षकांनी ऐकलं नव्हतं. त्यांनी तिला उत्तीर्ण केलं, आणि स्वतःच्या नकळत स्वतःची वीत टेबलावर पसरून बघितली.

दुसऱ्याने तराजू सांगितला. डोळे मिटून, प्रत्येक वाक्य दोनदा. तराजूच्या एका पारड्यात सासरे येऊन बसले. तिसऱ्याने ओला दाणा सांगितला. परीक्षक आता अडवत नव्हते. त्यांनी खुर्ची जवळ ओढून घेतली होती.

"दाणा समजला," ते चौथ्याला म्हणाले. "त्या बाईंचं पुढे काय झालं ते सांग."

वर्गात जे जे बोललं गेलं होतं ते सगळं, एकही शब्द न सांडता, मुलांच्या आत पोचलं होतं. सर बघत राहिले. एकेक जण येई, डोळे मिटे, आणि सरांच्या आवाजात बोलू लागे. आधी त्यांना लाज वाटली. मग भीती. आणि मग, दुपार कलायला लागली तसं, काहीतरी वेगळंच वाटू लागलं. इतकी वर्षं त्यांना वाटत होतं की आपलं बोलणं तोंडातून निघतं आणि पहिल्या बाकापाशी खाली पडतं.

शेवटी कुणीतरी हलवून जागा केलेला लांब्या आला. खुर्चीत बसला, तर गुडघे टेबलाला लागले.

"झोपेचं सांग," परीक्षक म्हणाले. "मघाचा मुलगा तिथे येऊन थांबला. त्या माणसाला झोप येत नाही. पुढे?"

लांब्याने डोळे मिटले.

"मी बोलतो आणि ती झोपते. मी बोलतो आणि ती झोपते. मला झोप का येत नाही हे तिने कधी विचारलं नाही. मला झोप का येत नाही हे तिने कधी विचारलं नाही. कसं विचारणार, मीच तिला झोपवतो. कसं विचारणार, मीच तिला झोपवतो."

सरांनी खुर्चीच्या पाठीला डोकं टेकलं. आपला आवाज असा आहे होय, त्यांच्या मनात आलं. बाहेरून ऐकायला बराच बरा आहे. पंखा फिरत होता. पडदे ओढलेले होते. वाक्य एकदा येत होतं आणि ते जाईल अशी काळजी वाटायच्या आत परत येत होतं.

"सगळ्या गोष्टींना माप सापडलं," लांब्या म्हणाला, "पण रात्रीला सापडलं नाही."

हे वाक्य आता पुन्हा येईल, हे सरांना माहीत होतं. ते त्याची वाट बघू लागले आणि वाट बघता बघता तिथून निघून गेले.

दार उघडून विभागप्रमुख बाई आत आल्या. "निकाल काय?"

परीक्षकांनी ओठावर बोट ठेवलं. "सगळे उत्तीर्ण," ते कुजबुजले. "आणि हा विषय बंद करायचा नाही. मी पुढच्या वर्षी येणार आहे. इथे गोष्ट अर्धवट राहिलीय. त्या बाईंनी शेवटी विचारलं की नाही?" हे त्यांनी लांब्याकडे वळून विचारलं.

"इथवरच शिकवलंय, सर," लांब्या डोळे न उघडता म्हणाला.

"बघा," परीक्षक बाईंना म्हणाले.

बाईंचं लक्ष खुर्चीकडे गेलं. सरांचं तोंड किंचित उघडं होतं, हात मांडीवर पसरलेला, अंगठा एकीकडे, करंगळी एकीकडे. "अहो, हे झोपलेत की काय? परीक्षा चालू असताना?"

"छे," परीक्षक म्हणाले. "डोळे मिटून ऐकताहेत. एकाग्रता आहे." आणि मग लांब्याच्या गुडघ्यावर हलकेच थोपटून म्हणाले, "हं. थांबू नकोस. ते वाक्य एकदाच झालंय."

लांब्याने आवाज जरासुद्धा न चढवता ते पुन्हा म्हटलं.